होम थिएटरसाठी रिसीव्हर कोणता घ्यावा? (आईला मालिकेतलं बोलणं ऐकू येत नाही)

दिवाणखाना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉल ११ बाय १६ फूट, एका अंगाने स्वयंपाकघराकडे उघडा. भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्याला सेट-टॉप बॉक्स आणि चिरंजीवांचं प्लेस्टेशन ५. समोर दहा फुटांवर सोफा. आई ७४ वर्षांची. तिची तक्रार अशी की मालिकेत कोण काय बोलतंय ते कळत नाही. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि बोलणं होतं तिथंच. त्यामुळे संध्याकाळभर रिमोट हातात आणि आवाजाची चढउतार चालू. मला स्वतःला सिनेमा जरा नीट बघायचाय, मागून-बाजूने आवाज वगैरे. म्हटलं दोन्ही कामं एकदम उरकू.

बजेट सगळं मिळून ९० हजार, फार ताणलं तर एक लाख. परवा तापकीर गल्लीत चक्कर मारली. एका दुकानात '१००० वॉट'चा डबाबंद सेट दाखवला, शेजारी नुसता रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरांना पोचवणारा डबा) ८० वॉटचा आणि किंमत सेटच्या दुपटीहून जास्त, वर स्पीकर वेगळे घ्यायचे. दुकानदार म्हणाला, "साहेब, ज्याला कळतं तो हाच घेतो." मला कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. ५.१ (पाच स्पीकर आणि बासचा एक सबवूफर) घेऊ की ७.२ (सात आणि दोन)? अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा प्रकार) हवंच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोल्डरभाऊ

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. बावीस वर्षं दुरुस्तीचं टेबल चालवलंय. पूर्वी टू-इन-वनवर '२००० वॉट पीएमपीओ' (क्षणिक कमाल वॉट) छापलेलं असायचं आणि मागे अडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा. म्हणजे आत जाणार १२ वॉट आणि बाहेर पडणार २०००. असं यंत्र खरंच निघालं असतं तर कोयना बंद करता आली असती.

वॉट किती यापेक्षा ते कसे मोजले ते बघायचं. डेनॉनच्या एक्स-१७००एचचे ८० वॉट म्हणजे ८ ओमवर, दोन चॅनेल एकदम चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृतीला (आवाज बिघडण्याचं प्रमाण) मोजलेले. तेच यंत्र एकच चॅनेल चालवून, ६ ओमवर, फक्त १ किलोहर्ट्झला, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलं तर आकडा दुपटीने फुगतो. १० टक्के विकृती म्हणजे लग्नाच्या वरातीतला भोंगा. डब्यावरचे १००० वॉट बहुतेक अशाच मोजणीतले असतात, शिवाय सगळ्या स्पीकरांची बेरीज मारलेली.

आता तुमच्या हॉलचं गणित करू. स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल धरा, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८८. तुम्ही ३ मीटरवर बसणार, तिथे साधारण ८० पोचतील. आपण घरात बोलतो ते ६० च्या आसपास. म्हणजे एका वॉटलाच चांगला मोठा आवाज होतोय. १० वॉटला ९०, १०० वॉटला १००. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. ८० वॉट आणि १०० वॉट यांत एक डेसिबलचा फरक, तो तुमच्या आईलाच काय, वटवाघळालाही कळणार नाही.

एडिसनचा दिवा

अमेरिकेत १९७४ पासून अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून जाहीर करायचे याचा सरकारी नियम आहे, तो याच पीएमपीओछाप फेकाफेकीमुळे आला. जाता जाता, मी न्यू जर्सीत असतो. डिसेंबरात पुण्याला येणार आहे. इथे सेलमध्ये रिसीव्हर बरेच स्वस्त मिळतात. हवा असेल तर बॅगेतून आणतो, दहा किलोच्या आत बसतो.

सोल्डरभाऊ

दिवासाहेब, मन मोठं आहे तुमचं, पण आणू नका. तिकडचा रिसीव्हर १२० व्होल्टचा. इथे २३० ला लावला की पहिल्याच सेकंदात कार्यक्रम संपला. असे तीन माझ्या टेबलावर आलेत, तिन्ही घरच्या कुणीतरी 'फक्त बघायला' लावलेले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पाचशे-सातशे व्हीएचा तरी हवा, तो स्वतः गुणगुणतो आणि टीव्हीखालच्या कपाटात मावत नाही. वॉरंटी इथे लागू नाही. आणि एक गंमत: तिकडचे बहुतेक ट्यूनर एफएमचे विषम दशांशच पकडतात, १००.९ मग थेट १०१.१. पुण्याची विविध भारती नेमकी १०१ वर. पुण्याच्या माणसाला याहून मोठं दुःख काय देणार?

एडिसनचा दिवा

हे माहीत नव्हतं. सासऱ्यांसाठी घेऊन ठेवलेला परत करतो मग. धन्यवाद, वाचलो.

घुमटकर

म्हापशाहून. मूळ दुखण्याकडे कुणी बघतच नाहीये, ते म्हणजे संवाद.

सिनेमाच्या ५.१ ट्रॅकमध्ये बोलणं जवळजवळ सगळं मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलला असतं. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही पाठीमागे भिंतीकडे तोंड करून. पाचही वाटांचा माल त्या दोन भोकांतून बाहेर पडतो, मग बोलणं संगीताखाली चेपलं जाणारच. वेगळा सेंटर स्पीकर टीव्हीखाली ठेवला आणि रिसीव्हरमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वर नेली की बोलणं वर उचललं जातं, बाकीचं तिथंच राहतं. म्हणून पैसे आधी सेंटरवर घाला. डावा, उजवा आणि सेंटर एकाच मालिकेतले घ्या, नाहीतर माणूस पडद्यावर इकडून तिकडे चालताना त्याचा आवाज बदलतो. बाजूचे दोन सहा महिन्यांनी घेतले तरी चालतील.

दुसरं. तुमचा हॉल ११ फूट रुंद आणि सोफा १० फुटांवर, म्हणजे सोफ्याची पाठ भिंतीला टेकलेली. बरोबर ना? मग ७.२ चा विचार डोक्यातून काढा. मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे, शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये? तुम्हाला ५.१. बाजूचे दोन स्पीकर सोफ्याच्या दोन्ही अंगांना, कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानांपेक्षा दीड-दोन फूट उंच.

आणि जमलं तर सोफा फूटभर पुढे ओढा. ११ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५१ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून घुमते, भिंतीपाशी ती सगळ्यात जोरात. भिंतीला डोकं टेकून बसलात तर बास कायम फुगलेला वाटणार. घुमटावर थाप मारून बघा, कडेला आणि मध्ये नाद वेगळा लागतो, तसंच हे. (घुमट वाजवता येत नसेल तर पिंपावर मारा.)

एक_साधा_प्रश्न

सोफा भिंतीला, आई ७४ वर्षांच्या, घरात एक रिमोट धड सांभाळला जात नाही. साउंडबार घ्या आणि सुखी व्हा. सेंटर चॅनेलवाले साउंडबार मिळतात, एक वायर लागते. उगाच माणसाला तारांच्या जंगलात कशाला ढकलताय?

सोल्डरभाऊ

आला साउंडबार. म्हटलं अजून कसा आला नाही.

एक_साधा_प्रश्न

भाऊ, दुरुस्तीवाल्याला साउंडबार आवडणार कसा, तो उघडताच येत नाही.

सोल्डरभाऊ

तेच तर म्हणतोय! उघडता येत नाही. पाच वर्षांनी एक बोर्ड गेला की अख्खा दांडा भंगारात. रिसीव्हर गेला तर स्पीकर राहतात. माझ्या घरचे स्पीकर १९९६ चे आहेत, रिसीव्हर तिसरा चालू आहे.

अंगणातली चिमणी

भांडू नका. आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीत साउंडबार आहे आणि तिथे तोच योग्य आहे, कारण त्या सिनेमा बघत नाहीत आणि खोली नऊ बाय दहा. हॉलमध्ये रिसीव्हर आहे. माझा अनुभव म्हणून सांगते, रिसीव्हर घेणार असाल तर तारा कुठून नेणार ते आधी ठरवा. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात केर काढताना बाजूच्या स्पीकरची तार झाडूत अडकली आणि स्पीकर खाली. मग इलेक्ट्रिशियन बोलावून भिंतीच्या कडेने केसिंग-पट्टी मारली. तार जाड घ्या, आणि शुद्ध तांब्याचीच. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार खूप खपवतात. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

सोल्डरभाऊ

चिमणीताईंना अनुमोदन. तार सोलताना एक केसाएवढा तंतू शेजारच्या स्क्रूला लागला तरी रिसीव्हर 'टक्' करून बंद पडतो आणि पडद्यावर 'प्रोटेक्ट' येतं. लोक घाबरून वाजत-गाजत दुकानात आणतात. मी फुंकर मारून तंतू काढायचो. बनाना प्लग लावा, दोनशे रुपयांत झोप लागते.

आणि रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका. वर चार-सहा इंच मोकळी जागा हवी, यंत्र गरम होतंच. उबेला पाली येतात. सप्लायच्या बोर्डावर चिकटून वाळलेली पाल काढणं हा माझ्या धंद्यातला नियमित प्रकार होता, तपशील सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की डिशची केबल आणि प्लग दोन्ही काढा. छतावरची वीज डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने रिसीव्हरच्या बोर्डात उतरते. तो बोर्ड बदलायला निम्म्या रिसीव्हरची किंमत पडते.

गच्चीवरचा

जोडणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआयवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असेल, तोच रिसीव्हरला जोडायचा. मग टीव्हीमधल्या अ‍ॅपचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे जातो. साधं एआरसी डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस हे बहुचॅनेल आवाजाचे प्रकार नेतं. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच येतं, म्हणून त्यासाठी ईएआरसी लागतंच असं नाही. ईएआरसी लागतं ते ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडी या आवाजाच्या प्रकारासाठी, आणि तो प्लेअर सरळ रिसीव्हरला लावला तर तेही नको.

प्लेस्टेशन मात्र नीट समजून घ्या. ते थेट टीव्हीला लावलं आणि मध्ये साधं एआरसी असेल, तर प्लेस्टेशनचा बहुचॅनेल पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) पुढे जात नाही, फक्त स्टिरिओ जातो. उपाय दोन: प्लेस्टेशनमध्ये आवाज डॉल्बीला लावायचा, नाहीतर ते रिसीव्हरमधून न्यायचं. रिसीव्हरमधून नेताना मुलाला सेकंदाला १२० फ्रेमचे ४के खेळ हवे असतील तर रिसीव्हरचा तो इनपुट एचडीएमआय २.१ हवा. २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या खेपेतल्या बऱ्याच रिसीव्हरांत एचडीएमआय चिपचा घोळ होता, ठरावीक उपकरणांबरोबर १२० फ्रेमला पडदा काळा व्हायचा. जुना घेणार असाल तर हे विचारून घ्या. आणि २०१५ च्या आधीचा जुना माल नकोच, त्यातले बरेच एचडीसीपी २.२ (४के ची नक्कल रोखणारी व्यवस्था) नसल्याने ४के पुढे पाठवत नाहीत.

अ‍ॅटमॉस: ५.१.२ म्हणजे ५.१ आणि वरच्या आवाजाचे दोन, एकूण सात चॅनेलांचा अ‍ॅम्प्लिफायर. स्लॅबला भोकं पाडायची नसतील तर वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकर मिळतात, त्यांना सपाट छत लागतं. तुमच्या डोक्यावर पंखा आहे का?

दिवाणखाना

सर्वांचे आभार. सोफा भिंतीलाच आहे, घुमटकर, तुम्ही घर बघून गेल्यासारखं लिहिलंत. पंखा आहे, बरोबर मधोमध. अ‍ॅटमॉस रद्द.

पण एक शंका. दुकानदार म्हणतो की पाच चॅनेलवाला घेतलात तर पुढे पस्तावाल, सातवालाच घ्या, दहा हजारांचा फरक.

घुमटकर

त्या दहा हजारांचा सेंटर स्पीकर वरच्या दर्जाचा घ्या. खोली रुंदावणार नाहीये.

दहा हजार जास्त द्यायचेच असतील तर एका गोष्टीसाठी द्या: माइक लावून खोली मोजणारी यंत्रणा चांगली असेल तर. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ऑन्क्योच्या वरच्या मॉडेलांत डिराक. काही अगदी स्वस्त मॉडेलांत ही सोयच नसते, तेवढं खोक्यावर वाचा. ते मॉडेल घेऊ नका. शोरूममध्ये ऐकून ठरवू नका, तिथली खोली तुम्ही घरी आणणार नाही.

अंगणातली चिमणी

आणि सबवूफर थेट फरशीवर नको, खाली जाड रबर घाला. खाली कोण राहतं ते बघून घ्या. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ती पाठ असते.

दिवाणखाना (तीन आठवड्यांनी)

वर काढतोय. घेतलं एकदाचं. पाच चॅनेलचा रिसीव्हर, इथली वॉरंटी, ईएआरसी आहे. समोरचे तीन स्पीकर एकाच मालिकेतले, सब दहा इंची. बाजूचे दोन मेहुण्याकडून जुने मिळाले. एकूण ९६ हजार, बायकोला ८८ सांगितलेत, तिला या संस्थळाचा पत्ता माहीत नाही.

आता रडगाणं ऐका. मोजणीचा माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावला, पंखा बंद, फ्रिज बंद. सगळे गप्प. पहिल्या स्पीकरमधून 'झुप्प झुप्प' आवाज आला, दुसऱ्यातून आला, तिसऱ्याला खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. पडद्यावर: परिसरात आवाज जास्त आहे. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला भाजीवाला. तिसऱ्या खेपेला आईच म्हणाली, "अरे संपलं का?" शेवटी रात्री साडेअकराला उरकलं, त्या झुप्प झुप्पने सेक्रेटरी वर येतो की काय या धास्तीत.

एवढं करून बाजूच्या स्पीकरमधून एक अक्षर नाही. मेहुण्याचे स्पीकर गेलेलेच असणार म्हणून त्याला फोनवर बोलूनही झालं.

गच्चीवरचा

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार 'पीसीएम' असेल. 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा.

दिवाणखाना

केलं. आला आवाज! मेहुण्याची माफी मागितली.

पण आईची मालिका मात्र तशीच. सेंटर गप्प, बोलणं डाव्या-उजव्यातूनच. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच नाही.

घुमटकर

वाहिनीचा आवाज स्टिरिओ येतोय, त्यात सेंटर नसतोच. रिसीव्हरच्या रिमोटवर ऐकण्याचा प्रकार बदला. 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' दिसत असेल, त्याच्या जागी 'डॉल्बी सराउंड' निवडा. दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे मुख्यतः बोलणं, ते वेचून मध्ये पाठवतं. मग सेंटर ३ डेसिबल वर. सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटला हा प्रकार एकदा निवडला की बहुतेक रिसीव्हर तो लक्षात ठेवतात, रोज करावं लागत नाही.

दिवाणखाना

काल साडेसातला लावून दिलं. आईने पहिला ब्रेक येईपर्यंत रिमोटला हात लावला नाही. ब्रेकमध्ये म्हणाली, "ती मोठी सून असं बोलते होय? मला वाटायचं ती चांगली आहे."

एक_साधा_प्रश्न

अभिनंदन. साउंडबारमध्येही झालं असतं.

सोल्डरभाऊ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गच्चीवरचा

दिवाणखाना, दोन गोष्टी तपासा. मोजणीनंतर समोरचे स्पीकर 'लार्ज' धरले गेले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (जिथून खालचा आवाज सबकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा, खालचा बास सबला जाऊ दे. आणि सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसत असेल, तर ते दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

दिवाणखाना

सब आठ फुटांवर आहे, रिसीव्हर तेरा दाखवत होता. मी टेप लावून मोजलं आणि आठ केलं.

आत्ता परत तेरा करून आलो.